भिंतीवरचे नापास

"मॅडम, मोठमोठ्या माणसांची उदाहरणं देऊन दमलो. पोरगं ऐकतच नाही."

मी समुपदेशक आहे. बारावीचा निकाल लागला की पुढचे तीन-चार आठवडे हे वाक्य माझ्याकडे वेगवेगळ्या आवाजांत येतं. कधी आई बोलते, कधी मामा. एकदा शेजारच्या काकूच पोरीला हाताला धरून घेऊन आल्या होत्या. काळजी एकच: मूल नापास झालंय, आम्ही रागावतही नाही, उलट धीर देतोय, पण दिलेला धीर त्याच्या अंगीच लागत नाही.

यातली एक केस सांगते. मुलाला इथे ओंकार म्हणू. नाव, गाव, खाणाखुणा सगळं बदललंय. वडिलांचं तालुक्याच्या गावात मोटर रिवाइंडिंगचं दुकान. नखांच्या कडांना वॉर्निशचा तपकिरी रंग कायमचा बसलेला. ओंकार सायन्सला होता. बाकी विषय निघाले, गणितात 100 पैकी 29.

"निकालाच्या दिवशी एक शब्द बोललो नाही मी," वडील म्हणाले. "दुसऱ्या दिवशी झेरॉक्सवाल्याकडं बसून हे करून घेतलं." त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. अभ्यासाच्या टेबलावर, बरोबर नजरेसमोर, एक रंगीत तक्ता. वर लाल अक्षरांत 'जगातले महान नापास', खाली फोटो आणि एकेक ओळ. आईनस्टाईन: गणितात नापास. एडिसन: मतिमंद म्हणून शाळेतून काढलेला. मायकल जॉर्डन: शाळेच्या संघातून हाकललेला. बिल गेट्स: कॉलेज सोडलेला. लता: आवाज पातळ म्हणून नाकारलेली. सचिन: पहिल्या निवडीत नाकारलेला. लॅमिनेशनसकट किती पैसे पडले तेही त्यांनी सांगितलं. त्यात बढाई नव्हती. 'मी काहीतरी केलंय हो' एवढंच त्यांना कुणाला तरी सांगायचं होतं.

पहिल्या भेटीत ओंकार 'हो', 'नाही' आणि 'माहीत नाही' यापलीकडे गेला नाही. दुसऱ्या भेटीत आला तो पाठीवरच्या सॅकमधून एक गुंडाळी काढतच. तोच तक्ता. भिंतीवरून काढून आणला होता. उलटा करून टेबलावर पसरला आणि कोपरे उडू नयेत म्हणून माझं पेपरवेट आणि स्वतःची पाण्याची बाटली ठेवली. मागच्या बाजूला काळ्या मार्करने त्यानं प्रत्येक नावापुढे शेरा मारला होता, पेपर तपासावा तसा.

"मॅडम, ह्यातलं निम्मं खोटं आहे."

चार दिवस तो बोलत नव्हता म्हणजे काय करत होता, ते तेव्हा कळलं. खोलीत बसून एकेक नाव शोधत होता. राग होताच, पण काम चोख केलं होतं.

आईनस्टाईनपुढे मोठी फुली. आईनस्टाईन गणितात कधीच नापास झाला नाही. पंधराव्या वर्षाच्या आतच त्याचं कॅल्क्युलस शिकून झालं होतं. 1895 साली, सोळाव्या वर्षी, म्हणजे नेहमीच्या वयापेक्षा दोन वर्षं आधी, त्यानं झुरिकच्या पॉलिटेक्निकची प्रवेश परीक्षा दिली. गणित-भौतिकशास्त्र उत्तम गेलं, बाकी विषयांत तो पडला. मग आराऊ गावच्या शाळेत वर्षभर शिकला आणि 1896 मध्ये त्याला प्रवेश मिळाला. त्या शाळेच्या दाखल्यावर बीजगणितात 6 पैकी 6 आणि फ्रेंचमध्ये 3 आहेत. ही नापासाची अफवा खुद्द त्याच्या हयातीत, 1935 मध्ये, छापील कात्रणाच्या रूपात त्याच्यापुढे आली होती. तो हसला होता आणि त्यानं ती साफ नाकारली होती. म्हणजे तो स्वतः 'नाही' म्हणाल्यालाही सुमारे नव्वद वर्षं झाली, आणि आपण अजून ती पोरांच्या भिंतीवर लावतोय.

इथे मला एक कबुली द्यायला हवी. शाळांमधल्या व्याख्यानांत ही आईनस्टाईनची गोष्ट मी स्वतः कितीतरी वेळा सांगितली आहे. टाळ्याही घेतल्या आहेत. त्या दिवशी मी ओंकारला ते सांगितलं. तो पहिल्यांदा हसला. समुपदेशकाच्या फजितीइतकं दुसरं कशानंच मूल लवकर मोकळं होत नाही, हा माझा नेहमीचा अनुभव.

एडिसनपुढे लिहिलं होतं, 'चिठ्ठी कुठाय?' ती गोष्ट तुमच्याही फोनवर येऊन गेली असेल. मास्तर चिठ्ठी देतात, आई डोळ्यांत पाणी आणून 'तुमचा मुलगा फार हुशार आहे' असं खोटंच वाचून दाखवते, आणि ती गेल्यावर एडिसनला खरी चिठ्ठी सापडते. अशी चिठ्ठी कुठेच नाही. एडिसननं स्वतः सांगितलंय ते असं की, मास्तर आपल्याला डोकं फिरलेला म्हणाले हे त्यानं आपल्याच कानांनी ऐकलं आणि घरी येऊन सांगितलं. आई नॅन्सी पूर्वी शिक्षिका होती. ती जाऊन मास्तरांशी भांडली आणि पोराला घरीच शिकवायला लागली. मला विचाराल तर खरी गोष्ट जास्त चांगली आहे. तिच्यात आई काही लपवत नाही.

जॉर्डन: 'हाकलला नाही.' 1978 मध्ये, अमेरिकेतल्या विल्मिंग्टनच्या लेनी हायस्कूलमध्ये, त्याला मोठ्या मुलांच्या बास्केटबॉल संघाऐवजी धाकट्या संघात घातलं. मोठ्या संघातली जागा त्याच्याहून उंच असलेल्या त्याच्या वर्गमित्राला मिळाली. एवढंच.

गेट्स: 'हा कुठं नापास झाला?' खरंच. 1975 मध्ये त्यानं हार्वर्ड सोडलं, पण तिथं जाण्याआधीच्या परीक्षेत त्याला 1600 पैकी 1590 गुण होते, आणि 1968 मध्ये, तेराव्या वर्षी, त्याच्या शाळेत कॉम्प्युटरचं टर्मिनल होतं. खाली ओंकारनं कंसात लिहिलं होतं, 'आमच्या लॅबला अजून कुलूप असतं.'

लताबाईंपुढे बरोबरची खूण होती. चित्रपट निर्माते एस. मुखर्जींनी आवाज पातळ म्हणून नकार दिला, हे खरंच. साल 1948. संगीतकार गुलाम हैदर मात्र ठामपणे त्यांच्या बाजूनं उभे राहिले. त्यापुढे पोरानं एक वाक्य लिहिलं होतं, ते मी अजून विसरले नाही. 'तेव्हा वडील जाऊन 6 वर्षं झालेली. घर तिच्यावर होतं. तिला गाणं सोडून चाललंच नसतं.'

सचिनपुढे 'अर्धं खरं'. त्याकडे नंतर येते.

मी विचारलं, "समजा सगळं खरं असतं. मग बरं वाटलं असतं?"

बराच वेळ तो मार्करचं टोपण काढत-लावत बसला. मग म्हणाला, "नाही. जास्त वाईट वाटलं असतं."

"का रे?"

"कारण ह्यातला प्रत्येक जण शेवटी जगातला एक नंबर झाला. म्हणजे पप्पांचं म्हणणं, नापास झालास तर चालेल, पण मग एक नंबर व्हायला पाहिजे. मला बी.एस्सी. करून कुठंतरी लागायचंय मॅडम. मला आईनस्टाईन नाही व्हायचं."

'मोठ्यांची उदाहरणं देतो तरी परिणाम का होत नाही' असं विचारणाऱ्या पालकांना मी आता हेच वाक्य सांगते. आपण सांगतो, 'बघ, तेही पडले होते.' मुलाला ऐकू येतं, 'बघ, ते पडले आणि मग आकाशाला भिडले, तुझं काय?' आपल्या मनात ते दिलासा असतं, त्याच्या वहीत ते कर्ज म्हणून लिहिलं जातं. आणि तक्त्यावर नाव कुणाचं येतं? जो पुढे गाजला त्याचंच. गणितात 29 पडून नंतर पोस्टात, बँकेत, गॅरेजमध्ये नीट संसार करणारी माणसं प्रत्येक गल्लीत आहेत, त्यांचा फोटो कुणी लॅमिनेट करत नाही.

तिसऱ्या भेटीला वडिलांना एकटं बोलावलं. ते थोडे दुखावलेलेच होते. तक्ता भिंतीवरून गेला, हे त्यांना लागलं होतं. मी सरळ धंद्यावरच आले.

"तुमच्याकडे जळलेली मोटर आली की पहिलं काय करता?"

"उघडतो."

"शेतकऱ्याला दुसऱ्या चांगल्या मोटरींच्या गोष्टी नाही सांगत?"

ते हसले. "उघडल्याशिवाय काय कळणार मॅडम? एक फेज गेल्यानं जळली, का बेअरिंग जाम होतं, का पाणीच आत गेलं. नुसतं नवं वाइंडिंग भरलं तर आठ दिवसांत परत येती मोटर."

"ओंकारचा पेपर उघडलात का?"

नव्हता उघडला. खरं तर कुणीच उघडत नाही. बोर्डाकडे अर्ज करून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळते, हे कित्येक घरांत ठाऊकच नसतं, किंवा ती फक्त गुण वाढवून घेण्यापुरती मागवली जाते. आम्ही मागवली. सुरुवातीची छोटी गणितं बरोबर. पुढे इंटिग्रेशनचं एक गणित चार वेळा सुरू करून चार वेळा खोडलेलं, पहिल्या दोन पायऱ्या चारही वेळा बरोबर. नंतर दोन पानं जवळजवळ कोरी. ह्या पोराला गणित येत नव्हतं असं ती पानं सांगत नव्हती. ओंकार म्हणाला, "सुपरव्हायझर मागं येऊन उभे राहिले. मग हातच चालेना."

आणि घरी? घरी रोज संध्याकाळी सात ते नऊ वडील त्याच्या मागे कॉटवर बसायचे. "मी काही बोलत नाही, तू कर तुझं," असं म्हणून. दोन वर्षं. पाठीवर नजर घेऊन गणित सोडवायची सवय म्हणावी, की न सोडवायची?

म्हणून मी त्यांना तक्त्यावरच्या शेवटच्या माणसाची उरलेली अर्धी गोष्ट सांगितली. 1984 चा उन्हाळा, शिवाजी पार्क. अकरा वर्षांच्या सचिनला मोठा भाऊ अजित आचरेकर सरांकडे घेऊन जातो. सर आणि इतकी माणसं बघतायत म्हटल्यावर सचिन बिचकतो, खेळ काही होत नाही. सर म्हणतात, अजून लहान आहे, नंतर आणा. अजित परत एक संधी मागतो, पण एका अटीवर: सरांनी निघून गेल्यासारखं करायचं आणि लांबून बघायचं. सर जातात, झाडामागे उभे राहतात. आता कुणी बघत नाही म्हटल्यावर पोरगं मोकळं होऊन खेळतं आणि सर त्याला घेतात. सचिननं हे स्वतः अनेकदा सांगितलंय.

वडील गप्प झाले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे मी झाडामागं जायला पाहिजे."

मी आणखी एक विचारलं. "तुम्ही कधी नापास झालात?"

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. दहावीला इंग्रजीत, दोनदा. घरात फक्त बायकोला माहीत. "पोराच्या नजरेत कशाला उतरायचं?" मी गावसकरांच्या पत्राची आठवण काढली. 1987 मध्ये सचिनला मुंबईच्या सर्वोत्तम ज्युनिअर खेळाडूचं बक्षीस मिळालं नाही, तेव्हा त्यांनी त्याला पत्र लिहिलं होतं, की ह्या बक्षिसाच्या यादीत आणखीही एक नाव सापडणार नाही, आणि त्या माणसाचं कसोटीत काही फार वाईट झालं नाही. म्हणजे स्वतःचंच. उदाहरण तेही मोठ्या माणसाचंच, पण ते ज्याचं होतं त्यानंच सांगितलं, म्हणून पोराच्या कामी आलं. उसन्या अपयशाचं तसं होत नाही.

मध्येच एक गोष्ट सांगून ठेवते. हे सगळं बोलता-खाता-झोपता येणाऱ्या मुलाबद्दल आहे. मूल जेवण सोडत असेल, रात्र रात्र जागत असेल, जगण्यात अर्थ नाही अशा अर्थाचं काही बोललं असेल, तर गोष्टी आणि तक्ते दोन्ही बाजूला ठेवा, त्याला एकटं सोडू नका आणि लगेच मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो.

ओंकारच्या घरी पुढचे दिवस फार नाट्यमय वगैरे काही गेले नाहीत. वडील संध्याकाळी दुकानातच नऊपर्यंत थांबायला लागले. पहिल्या आठवड्यात तीनदा फोन करून 'चाललंय का' विचारायचे, नंतर एकदा. मी ओंकारला वेळ लावून, आधी एकट्यानं आणि मग माझ्यासमोर गणितं सोडवायला लावली; मी मुद्दाम खुर्चीमागे जाऊन उभी राहायचे. सुरुवातीला पेन थांबायचं. मग तो म्हणायला लागला, "मॅडम, उभं राहून पाय दुखत नाहीत का?" इंग्रजीत दोनदा नापास झाल्याची गोष्ट वडिलांनी कधी सांगितली मला माहीत नाही, पण एकदा ओंकार सहज बोलून गेला, "पप्पांचे पहिल्या वेळी 19 होते. माझे 29." त्या दहा मार्कांचा त्याला भलताच आनंद झाला होता.

पुरवणी परीक्षेत तो 47 गुणांनी सुटला. तक्ता उलटा करून त्याच भिंतीवर लावलाय, इंटिग्रेशनची सूत्रं लिहून. शेरे मात्र पुसलेले नाहीत.

निकालाच्या संध्याकाळी वडिलांचा फोन आला. आभार वगैरे झालं. ठेवता ठेवता म्हणाले, "मॅडम, एक विचारायचं होतं. ती झाडामागची गोष्ट तरी खरी आहे ना? आमचं पोरगं तपासतंय."