दारूचा थेंब नाही, तरी ग्रेड 2 फॅटी लिव्हर कसं?

तुम्ही विचारलंय की वय 38, दारूला कधी शिवलो नाही, तरी सोनोग्राफीत ग्रेड 2 फॅटी लिव्हर, म्हणजे लिव्हरमध्ये मध्यम प्रमाणात चरबी, निघालं. हे कसं आणि औषध कोणतं? मी डॉक्टर नाही, लातूरच्या मोंढ्यात अडत दुकानावर मुनीम आहे. चार वर्षांपूर्वी असाच रिपोर्ट घरी नेला तेव्हा आईनं पहिलं हेच विचारलं, "खरं सांग, बाहेर पितूस का?"

डॉक्टरांनी मात्र तेलातुपाच्या आधी चहाचं विचारलं. दुसऱ्या दिवशी हिशेबपट्टीच्या पाठीमागं रेघा ओढत बसलो. शेतकरी आला, चहा. खरेदीदार आला, चहा. सौदा मोडला तरी चहा. संध्याकाळी नऊ रेघा! कपाला दोन चमचे, चमच्याला पाच ग्रॅम धरा, 90 ग्रॅम साखर झाली. आणि दिवसभर गादीवरून उठणं नाही. जास्तीच्या साखरेची चरबी लिव्हरच बनवतं. पोट सुटलेलं असलं की इन्शुलिन नीट लागू पडत नाही, मग ती तिथंच साठत जाते.

ग्रेडला फार घाबरू नका. सोनोग्राफीत चरबी दिसते, लिव्हर कडक व्हायला लागलंय का ते ग्रेडवरून कळत नाही. त्यासाठी वय, एसजीओटी, एसजीपीटी (या लिव्हरच्या रक्ततपासण्या) आणि प्लेटलेट यांवरून फिब-4 नावाचा आकडा काढतात. लागलंच तर फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी. शुगर आणि कोलेस्टेरॉलही बघून घ्या.

औषध म्हणाल तर वजन उतरवणं. 5 टक्के उतरलं तरी चरबी कमी होते, 7 ते 10 टक्क्यांना सूजही ओसरते. मी दहा महिन्यांत 84 वरून 77 वर आलो. उपाशी राहून झटपट उतरवायला जाऊ नका, त्यानं लिव्हर उलट बिघडू शकतं. ज्वारीची भाकरी चांगली, पण चांगली म्हणून मी तीन-तीन हाणायचो. आता दीड, सोबत वरण आणि वाटीभर पालेभाजी. रसवंती बंद. मोंढ्यातून घरी पायी, पाऊण तास.

शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून पंधरा दिवस गुळवेलीचा काढाही प्यायलो. डॉक्टर जाम चिडले. गुळवेलीनं काही जणांच्या लिव्हरलाच इजा झालीय म्हणे, आणि तशा नोंदी खरंच आहेत.

आता चहावाला पोरगा माझा बिनसाखरेचा कप वेगळा आणतो. दिवसाला दोनच.

डोळे पिवळे दिसत असतील, पायावर किंवा पोटाला सूज असेल, तर मात्र इथली उत्तरं वाचत बसू नका, आजच दाखवा.