पेन्सिलीची एवढी घाई कशाला?

प्रश्न : मुलगी सव्वाचार वर्षांची, ज्युनिअर केजीत. पेन्सिल मुठीत धरते म्हणून शाळेने रोज दोन पानं गिरवायला सांगितलीत. ती रडते आणि भातुकली मांडून बसते. सासूबाई म्हणतात, खेळू दे. मला धास्ती वाटते, मागे पडेल. चाळीत दहा बाय बाराची खोली, जागाही नाही.
– एक आई, लालबाग

उत्तर : ताई, सासूबाईंचं ऐका. या वयात मनगटातली काही हाडं अजून मऊ कूर्चाच असतात. तीन बोटांची पकड बहुतेक मुलांना चार ते सहा वर्षांच्या दरम्यान जमते. त्याआधी पानं भरून घेतली की मूल पेन्सिल आवळून धरतं, खांद्यापासून हात ओढतं आणि दोन ओळींत थकतं. मग लिहिण्याचाच तिटकारा बसतो.

घरी महिनाभर पेन्सिल बाजूला ठेवा. एक वाटी कणीक, पाव वाटी मीठ, चमचाभर तेल आणि पाणी अगदी बेताने घालून पोळीपेक्षा घट्ट गोळा मळा. तिला सुपारीएवढ्या गोळ्या वळू द्या, पण तळव्यावर नाही, अंगठा आणि दोन बोटांत. खरा व्यायाम तिथे होतो. पावसाळ्यात मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं आणि गोळा चिकट होतो, तेव्हा कोरडं पीठ लावा. फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकतो. मीठ भरपूर आहे, तोंडात घालू देऊ नका. राजमा-वाटाणे खेळायला दिलेत तर जवळ बसा. नाकात गेलेला दाणा ओलाव्याने फुगतो आणि काढायला डॉक्टरच लागतात.

रंगखडू अख्खा देऊ नका, मोडून इंचभराचे तुकडे द्या. अख्खा खडू मुठीत धरता येतो, तुकडा बोटांनीच धरावा लागतो. कागद कपाटाच्या दारावर, तिच्या डोळ्यांच्या उंचीला चिकटवा. उभ्या कागदावर मनगट आपोआप मागे वळतं, लिहिताना हवं तसं.

आता भातुकली. ‘थांबा हं पाहुणे, चहा उकळायचाय,’ असं ती म्हणते तेव्हा कामाचा क्रम लक्षात ठेवते, भूमिका सांभाळते, स्वतःला थोपवते. वर्गात बसायला हेच लागतं. वाटीतलं पाणी उंच पेल्यात ओतून ‘जास्त झालं’ म्हणेल. या वयात तसंच वाटतं, लगेच दुरुस्त करू नका, पुन्हा ओतू द्या. मध्येच ‘हा कुठला रंग?’ अशी परीक्षा घेतलीत की खेळ तिथेच मोडतो. आपण पाहुणे व्हायचं आणि चहा प्यायचा.

जागेचं म्हणाल तर चाळीची गॅलरी आहे की. लंगडी घाला किंवा ब्रश आणि तांब्याभर पाणी देऊन लादीवर रेघोट्या मारू द्या. उठताना मात्र लादी पुसा.

बाईंशी शांतपणे बोला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ वर्षांसाठी खेळातून शिकण्यावरच भर आहे. मात्र डबा उघडणं, मोठी बटणं लावणं हेही जमत नसेल किंवा ती एक हात सतत टाळत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. तुमच्याजवळच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचा, म्हणजे रोजची कामं हातांना जमावीत म्हणून सराव करून घेणारा विभागही आहे.

प्रश्न : अडीच वर्षांच्या मुलाकडे टोपलीभर खेळणी आहेत, तरी कशातच रमत नाही. आणखी शैक्षणिक खेळणी घ्यावीत का?
– एक बाबा, मुलुंड

उत्तर : नको. सहा-सातच बाहेर ठेवा, बाकीची माळ्यावर टाका आणि पंधरवड्याने बदला. समोर ढीग असला की मूल एक उचलतं, दुसरं टाकतं. बटण दाबताच गाणारी खेळणी आधी माळ्यावर जाऊ द्यात, त्यांत मुलाला करण्यासारखं काही उरत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा शिंपले, बिया, पानं, खडे हेच बालवाडीचं साहित्य होतं. तुमच्याकडे झाकणाचे डबे, पळ्या, रिकामी खोकी असतीलच. अडीच वर्षांच्या मुलाला घशात अडकेल असं काही देऊ नका, बिया-खडे तर नकोतच.