एच-रेफ पकडताना

मंडळाच्या जुन्या साइटवरून सगळ्या पीडीएफच्या लिंका रेजेक्सने (मजकुरात नमुना शोधायची सांकेतिक भाषा) वेचून काढायच्यात म्हणालास. पान एकच असेल, काम आजच्यापुरतं असेल, तर खुशाल काढ. एचटीएमएलवर (वेबपान ज्या भाषेत लिहितात ती) रेजेक्स चालवलं की लोक लगेच अंगावर येतात, पण इतकं काही ते पाप नाही.

फक्त .* (म्हणजे काहीही, कितीही) टाळ. तो हावरट. एच-रेफ (href, लिंकचा पत्ता जिथे लिहितात ते) याच्या नंतरच्या अवतरणचिन्हापासून सुटला की अंधेरीला उतरायचं सोडून थेट विरार गाठतो, म्हणजे ओळीतल्या शेवटच्या अवतरणचिन्हापर्यंत सगळं गिळतो. एका ओळीत पाच लिंका असतील तर पाचांची मिळून एक लांबलचक लिंक हातात येते. .*? ने (तोच, पण कमीत कमी घेणारा) भागतं, पण मी "([^"]*)" लिहितो, म्हणजे अवतरणचिन्ह सोडून काहीही.

मग खरी गंमत. कुणी दुहेरी अवतरण लावतं, कुणी एकेरी, कुणी काहीच नाही. एचटीएमएलला तिन्ही चालतं. = च्या आजूबाजूला स्पेस असते, अक्षरं कॅपिटल असतात. कॉमेंटमध्ये टाकलेली मेलेली लिंकही रेजेक्स इमानेइतबारे उचलतं. पत्त्यातला & हा एस्केप होऊन, म्हणजे & अशा सांकेतिक रूपात आलेला असतो, तो वेगळा उलगडावा लागतो.

म्हणून पानं वाढली की सरळ पायथनचं ब्यूटिफुल सूप (एचटीएमएल वाचणारी लायब्ररी) घे, हे सगळं ते सांभाळतं. पत्ता / ने सुरू होत असेल तर तो अर्धवट आहे. पायथनच्या यूआरएल-जॉइनने (urljoin) पानाच्या पत्त्याला जोड, हाताने चिकटवत बसू नकोस. पानात बेस टॅग (मूळ पत्ता सांगणारी खूण) असेल तर जोडणी त्याच्या पत्त्याला.

पीडीएफवर संपणारे पत्ते निवडायला मात्र रेजेक्सच लाव. पुढे ? आणि शेपूट (?v=2 सारखं) असलेले सुटत नाहीत ना, तेवढं बघ.