मतदानाचा हक्क नसलेल्याचे डेबियनमध्ये कोण ऐकते?

प्रश्न : मी सांगलीत संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डेबियन या स्वयंसेवकांनी चालवलेल्या मुक्त संगणक प्रणालीतील एका फाँटमध्ये ‘दुसऱ्या’ या शब्दातला ‘ऱ्य’ चुकीचा उमटतो, अशी तक्रार मी नोंदवली. दोन महिने झाले, उत्तर नाही. बाहेरच्याचे तिथे कोणी ऐकत नसेल, तर मी यात वेळ घालवावा का?

उत्तर : अवश्य घालवावा. उत्तर आले नाही म्हणजे नकार मिळाला, असे कृपया धरू नका. डेबियन प्रकल्पाची घटनाच, म्हणजे त्याची मूळ नियमावली, सांगते की, तिच्यामुळे कोणावरही काम करण्याचे बंधन येत नाही. पॅकेजविषयीचे, म्हणजे प्रणालीत बसवता येईल अशा रूपात बांधलेल्या सॉफ्टवेअर वा फाँटविषयीचे, बहुतेक निर्णय ते पॅकेज सांभाळणारा स्वयंसेवक घेतो, आणि तो आपल्या सवडीने काम करतो. म्हणून त्याचे काम जो हलके करतो, त्याचे म्हणणे लवकर मार्गी लागते. ‘मराठी नीट दिसत नाही’ एवढ्यावरून देवनागरी न वाचणाऱ्याला काहीच उमगणार नाही. ऱ, हलन्त आणि य या क्रमाने टाइप केल्यावर अक्षर कसे उमटते आणि कसे उमटायला हवे, याची दोन चित्रे, फाँटची आवृत्ती आणि जमल्यास दुरुस्तीचा पॅच (नेमके काय बदलायचे ते दाखवणारी फाइल) जोडा. चूक मूळ फाँटमध्येच असेल, तर ती त्याच्या कर्त्यांनाही कळवा. तिथे दुरुस्ती झाली की ती डेबियनसारख्या इतर प्रणालींपर्यंतही पोहोचू शकते. रफार आणि ऱ्य यांतला फरक तुम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे, आणि हे ज्ञान तिथे खरोखर दुर्मीळ आहे.

मतदानाचा हक्क डेबियन डेव्हलपरांना, म्हणजे प्रकल्पाच्या अधिकृत सदस्यांनाच असतो, हे खरे. पण रोजचे निर्णय मतदानाने होत नाहीत. शिवाय हा हक्क केवळ पॅकेज बनवणाऱ्यांपुरता राहिलेला नाही, कारण २०१० च्या ठरावाने भाषांतर, दस्तऐवजीकरण अशी कामे करणाऱ्यांनाही पूर्ण सदस्यत्वाचे दार उघडले. तुम्ही सदस्य होईपर्यंत तुम्ही तयार केलेले पॅकेज एखादा डेव्हलपर तपासून तुमच्या वतीने अपलोड करू शकतो.

यातून नोकरी मिळेलच, असे मी म्हणणार नाही. मात्र ही सगळी चर्चा जाहीर असते, आणि मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा अशी एक नीट हाताळलेली तक्रार दाखवणे मला अधिक मोलाचे वाटते. परीक्षा सांभाळून आठवड्याला दोन-तीन तास द्या, आणि नवी माहिती पाठवताना दुसरी तक्रार न उघडता जुन्याच क्रमांकाला जोडा.