दुखण्याआधीच्या खुणा: दातांविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत एक वाक्य पुन्हा पुन्हा वाचायला मिळाले: ‘तसे दुखत काही नाही, पण...’ या ‘पण’च्या पुढे जे लिहिलेले असते, तेच दंतवैद्याच्या दृष्टीने महत्त्वाचे असते. दाताचे बाहेरचे कवच, ज्याला आपण इनॅमल म्हणतो, ते शरीरातील सर्वांत कठीण असले तरी त्याला संवेदना नसते. कीड त्या कवचापुरती असते तोवर काहीही जाणवत नाही. ती आतल्या डेंटिनपर्यंत पोचली की गार किंवा गोड लागताच सणक येते, आणि दाताच्या गाभ्यातील नसेपर्यंत गेली की झोप उडवणारा ठणका सुरू होतो. हिरड्यांचा आजार तर दात हलू लागेपर्यंतही फारसा दुखत नाही. म्हणून पुढील उत्तरांत मी वेदनेपेक्षा तिच्या आधी दिसणाऱ्या खुणांविषयी अधिक लिहिले आहे.

प्रश्न: माझा मुलगा चार वर्षांचा आहे. त्याच्या वरच्या, पुढच्या दातांवर तपकिरी डाग पडले आहेत आणि एका दाताचा कोपरा झिजल्यासारखा दिसतो. तीन वर्षांचा होईपर्यंत तो दुधाची बाटली तोंडात घेऊनच झोपत असे. घरातील मोठी माणसे म्हणतात, दुधाचे दात पडणारच आहेत, त्यांच्यासाठी दवाखान्याच्या फेऱ्या कशाला?

उत्तर: दुधाचे दात पडणार हे खरे आहे, पण केव्हा पडणार याचा विचार आपण सहसा करत नाही. पुढचे दात साधारण सहाव्या-सातव्या वर्षी पडतात. दाढा मात्र दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात असतात. म्हणजे आपल्या मुलाला यांतील काही दातांनी अजून सहा ते आठ वर्षे चावायचे आहे. शिवाय प्रत्येक दुधाचा दात त्याच्या खाली तयार होत असलेल्या कायमच्या दाताची जागा राखून ठेवतो. तो अवेळी काढावा लागला तर शेजारचे दात त्या फटीकडे सरकतात आणि कायमचा दात वाकडा येण्याची शक्यता वाढते. दुधाच्या दाताच्या मुळाशी पू झाला तर त्याचा परिणाम खाली घडत असलेल्या दाताच्या इनॅमलवरही होऊ शकतो.

आपण सांगितलेले चित्र रात्रीच्या बाटलीशी अगदी जुळते. झोपेत लाळ कमी सुटते, गिळणेही कमी होते, त्यामुळे बाटलीतून येणारे दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचून राहते. खालच्या पुढच्या दातांवर जीभ असते आणि लाळही तेथे भरपूर असते, म्हणून ते बहुधा वाचतात. मूल आता बाटली घेत नसले तरी झालेले नुकसान आपोआप थांबत नाही, तेव्हा येत्या आठवड्यातच दात दाखवून घ्यावेत. कोणत्या दाताला फ्लोराइडचा लेप पुरेल, कोणता भरावा लागेल आणि कोणत्या दाताची नस तपासावी लागेल, हे प्रत्यक्ष पाहिल्यावरच ठरते.

ज्यांच्या घरी याहून लहान मूल आहे, त्यांना एक गोष्ट आवर्जून सांगते. महिन्यातून एकदा मुलाला उजेडाकडे तोंड करून मांडीवर आडवे घ्यावे, वरचा ओठ बोटाने हलकेच वर उचलावा आणि हिरडीला लागून असलेली दाताची कड नीट पाहावी. कोरड्या दातावर तेथे खडूसारखी पांढरी, निस्तेज रेघ दिसली, तर ती किडीची पहिली पायरी असू शकते. या टप्प्यावर इनॅमलमधून क्षार निघून गेलेले असतात, पण खड्डा पडलेला नसतो. फ्लोराइड आणि लाळ यांच्या साहाय्याने तो भाग पुन्हा कठीण होऊ शकतो. खड्डा पडल्यावर ही संधी राहत नाही. पहिला दात दिसताच ब्रश सुरू करावा. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट पुरते. मुलाने ब्रश हातात घ्यायला हरकत नाही, पण सात-आठ वर्षांचे होईपर्यंत शेवटचा हात मोठ्या माणसानेच फिरवावा.

आणखी एक: साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, त्यामुळे ती आल्याचे घरात कोणाच्या लक्षातही येत नाही आणि पुष्कळ पालक तिला दुधाचीच समजतात. आयुष्यभर वापरायच्या या दाढेला वर्षा-दोन वर्षांतच कीड लागलेली पाहून मला दर वेळी वाईट वाटते, कारण तिच्या खोल खाचा सीलंटने, म्हणजे दातावर चढवायच्या संरक्षक लेपाने, बुजवून घेता येतात.

प्रश्न: माझे वय बेचाळीस आहे. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येते, म्हणून त्या ठिकाणी मी ब्रश लावणेच सोडले आहे. दात स्वच्छ करून घेतल्यास ते हलू लागतात असे एका मित्राने सांगितले. हे खरे आहे का?

उत्तर: आपण ब्रश थांबवला आणि नेमके तेथेच त्याची सर्वाधिक गरज आहे. निरोगी हिरडीतून मऊ ब्रशने रक्त येत नाही. फेसात गुलाबी छटा दिसली, तर हिरडीच्या कडेशी जंतूंचा चिकट थर साचून तिला सूज आली आहे, असे बहुतेक वेळा समजावे. याचा एक सुंदर पुरावा १९६५ साली दंतसंशोधक हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांनी दात घासणे पूर्ण बंद केले. साधारण दहा दिवस ते तीन आठवडे एवढ्या काळात सर्वांच्या हिरड्या सुजल्या, आणि स्वच्छता पुन्हा सुरू केल्यावर जवळजवळ आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. आजार केवळ थरामुळे होतो आणि थर काढल्यावर बरा होतो, हे इतक्या सोप्या रीतीने क्वचितच दाखवले गेले असेल.

मात्र हा थर दिवसांमागून दिवस राहिला, तर लाळेतील क्षारांमुळे तो दगडासारखा घट्ट होतो. यालाच टार्टर म्हणतात आणि तो ब्रशने निघत नाही. सूज आत खोलवर पसरून दाताला धरून ठेवणारे हाड झिजवू लागली, तर ते झिजलेले हाड सहजी परत येत नाही. आपल्या मित्राच्या समजुतीचे मूळ इथेच आहे. हाड गेलेले असते, दात आधीच सैल झालेला असतो, पण टार्टरच्या थराने तो शेजारच्या दातांना जखडून ठेवलेला असतो. स्केलिंगमध्ये, म्हणजे दंतवैद्याकडे दात स्वच्छ करताना, तो थर निघतो, फटी मोकळ्या होतात, सूज उतरून हिरडी आक्रसते आणि रुग्णाला वाटते की दात आजच सैल झाले. प्रत्यक्षात ते कधीपासून सैल आहेत, एवढेच त्या दिवशी कळते.

तेव्हा तपासणी करून स्केलिंग करून घ्यावे आणि घरी मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरका टेकवून अगदी लहान हालचालींनी फिरवावा. दोन दातांमधल्या फटीत ब्रशचे केस पोचत नाहीत; तेथे फ्लॉस किंवा फटीचा बारीक ब्रश वापरावा. पहिले काही दिवस रक्त येईल, त्याने घाबरू नये. आठवड्या-दोन आठवड्यांत ते कमी झाले नाही, तर पुन्हा दाखवावे. रक्तातील साखरही एकदा तपासून घ्यावी, कारण अनियंत्रित मधुमेहात हिरड्यांचा आजार वेगाने वाढतो आणि हिरड्यांच्या सुजेमुळे साखर आटोक्यात ठेवणे अवघड होते. तंबाखू ओढणाऱ्यांनी मात्र रक्त येत नाही म्हणून निश्चिंत राहू नये. तंबाखूमुळे रक्तस्राव कमी दिसतो आणि आजार झाकला जातो.

प्रश्न: आमच्या घरी गोड फारसे खाल्ले जात नाही. मी दिवसभर कामाच्या टेबलावर चहा ठेवून थोडा थोडा पिते, त्यात साखरही अगदी कमी असते. तरीही दोन वर्षांत तीन दातांना कीड लागली. असे का?

उत्तर: दातांच्या बाबतीत साखर किती यापेक्षा ती दिवसातून किती वेळा येते, हे अधिक निर्णायक असते. गोड घोट तोंडात गेला की दातांवरील जंतू त्यापासून काही मिनिटांत आम्ल तयार करतात. आम्लता मोजण्याचे माप म्हणजे पीएच; तो जितका कमी, तितके आम्ल जास्त. तोंडातील पीएच साधारण ५.५च्या खाली गेल्यावर इनॅमलमधील क्षार विरघळू लागतात. नंतर लाळ हळूहळू ते आम्ल निवळते आणि गेलेले क्षार परत देते. या सावरण्याला अर्धा तास ते तासभर लागतो. एक कप चहा दहा मिनिटांत पिऊन संपवला, तर लाळेला पुढे बराच वेळ मिळतो. तोच कप तीन तास पुरवला, तर प्रत्येक घोटाबरोबर घड्याळ पुन्हा शून्यावर येते आणि लाळेला सावरायला उसंतच मिळत नाही. चहा सोडण्याची गरज नाही. तो एका बैठकीत संपवावा, मधल्या वेळेत साधे पाणी प्यावे आणि रात्री ब्रश केल्यावर पाण्याशिवाय काहीही घेऊ नये. ब्रशनंतर फेस थुंकावा, पण लगेच भरपूर चूळ भरू नये, म्हणजे टूथपेस्टमधील फ्लोराइड दातांवर काही काळ राहते. प्रौढांच्या टूथपेस्टमध्ये फ्लोराइडचे प्रमाण १००० ते १५०० पीपीएम असावे. हा आकडा वेष्टनावर छापलेला असतो.

प्रश्न: सकाळी आंबट फळाचा रस घेतल्यावर मी लगेच कडक ब्रशने दात घासतो. हल्ली गार पाण्यानेही दात आंबतात.

उत्तर: आंबट रसाने इनॅमलचा वरचा थर तात्पुरता मऊ होतो आणि त्याच वेळी कडक ब्रशने तो खरवडला जातो. रसाआधी ब्रश करावा किंवा नंतर किमान अर्धा तास थांबावे. ब्रश मऊच हवा, जोर बोटांच्या चिमटीचा असावा, मुठीचा नव्हे. आणि त्याचे केस फाकले की, किंवा साधारण तीन महिन्यांनी, तो बदलावा. दात पांढरे करण्यासाठी कोळशाची भुकटी वापरत असाल तर ती थांबवावी, कारण इनॅमल झिजले की ते पुन्हा तयार होत नाही आणि आतले पिवळसर डेंटिन अधिकच दिसू लागते. संवेदनशील दातांसाठीच्या टूथपेस्टचा गुण यायला काही आठवडे लागतात. सणक एकाच दातात येत असेल, तर मात्र टूथपेस्टवर विसंबू नये. तो दात दाखवावा.

प्रश्न: मला पाचवा महिना सुरू आहे. बाळ आईच्या दातांतील कॅल्शियम घेते, असे ऐकले. या काळात दातांवर उपचार करून घेता येतात का?

उत्तर: बाळ आईच्या दातांतून कॅल्शियम घेत नाही. संप्रेरकांमुळे हिरड्या लवकर सुजतात, वरचेवर खाणे होते आणि उलट्यांमधील आम्ल दातांना लागते; नुकसान होते ते यामुळे. उलटीनंतर चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने चूळ भरावी आणि अर्ध्या तासाने ब्रश करावा. उपचार जरूर करून घ्यावेत. चौथा ते सहावा महिना त्यासाठी सोयीचा असतो. गरोदर असल्याचे दंतवैद्यांना आधी सांगावे.

प्रश्न: माझे वडील बाहत्तर वर्षांचे आहेत. रक्तदाबाची औषधे चालू आहेत, तोंड सतत कोरडे पडते. वर कवळी आहे, खाली सहा दात उरले आहेत आणि तेही हिरडीजवळ काळे पडत आहेत.

उत्तर: ते सहा दात वाचवणे फार मोलाचे आहे, कारण खालची पूर्ण कवळी वरच्यापेक्षा कमी घट्ट बसते आणि उरलेले दात तिला आधार देतात. वयाबरोबर हिरडी खाली सरकून मुळे उघडी पडतात. मुळांवर इनॅमल नसते, त्यामुळे ती सौम्य आम्लानेही विरघळतात, आणि लाळ कमी असेल तर कीड झपाट्याने पसरते. औषधे स्वतःहून बंद करू नयेत. तोंड कोरडे पडते हे डॉक्टरांना सांगावे, कारण कधी कधी औषध किंवा त्याची वेळ बदलता येते. पाणी घोटाघोटाने प्यावे. तोंड ओले राहावे म्हणून गोड गोळी चघळण्याची सवय असेल तर ती आधी थांबवावी. अधिक प्रमाणातील फ्लोराइडची टूथपेस्ट दंतवैद्य लिहून देऊ शकतात.

कवळी रात्री काढून पाण्यात ठेवावी. धुताना खाली पाण्याने भरलेले भांडे ठेवावे, म्हणजे ओल्या हातातून निसटली तरी ती फुटत नाही. उकळते पाणी वापरू नये, कवळीचा आकार बिघडतो. कवळी काढलेली असताना टाळू, गाल आणि जिभेच्या कडा उजेडात पाहाव्यात. दोन आठवड्यांत बरा न झालेला व्रण, किंवा लाल वा पांढरा चट्टा दिसला, तर तो दुखत नसला तरी लगेच दाखवावा. हे मी आग्रहाने सांगते, कारण तोंडाचा कर्करोगही सुरुवातीला बहुधा दुखत नाही.

प्रश्न: मी शाळेत शिक्षक आहे. खेळताना पडून मुलाचा पुढचा दात मुळासकट निखळला, तर आम्ही काय करावे?

उत्तर: दात शोधावा आणि तो नेहमी दिसणाऱ्या भागाने धरावा, मुळाला हात लावू नये, कारण तेथील नाजूक पेशींवरच दात पुन्हा रुजणे अवलंबून असते. माती लागली असेल तर दूध किंवा साध्या पाण्याने क्षणभर धुवावा, पण घासू नये आणि कागदात किंवा रुमालात गुंडाळू नये. मूल शुद्धीवर असेल आणि ऐकत असेल, तर दात त्याच खाचेत बसवून स्वच्छ रुमाल चावायला द्यावा. ते जमले नाही, तर दात थंड दुधात बुडवून मुलाबरोबर तडक दंतवैद्याकडे न्यावा. पहिल्या अर्ध्या तासात दात पुन्हा रुजण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. हे सर्व कायमच्या दातासाठी आहे. दुधाचा दात परत बसवू नये, त्याने खालच्या दाताला इजा होऊ शकते. मूल सहा-सात वर्षांचे असेल आणि दात कोणता ते कळत नसेल, तर तो दुधातच ठेवून घेऊन जावे, पाहून आम्ही सांगू.