ट्रेल, क्रॉस-कंट्री आणि डाउनहिल माउंटन बाइकमध्ये फरक काय? पुण्यात राहणाऱ्याने कोणती घ्यावी?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की वेताळ टेकडीवर चालवणार, सुट्टीला मुळशीकडे जाणार, बजेट साठ हजार आणि 'मित्र म्हणतो घ्यायची तर डाउनहिलच घे'. ते शेवटचं वाक्य नसतं तर मी उत्तराच्या फंदात पडलो नसतो. तुमचा हा मित्र माझ्या मेहुण्याच्या ओळखीतला आहे का?

फरक पटकन सांगतो. क्रॉस-कंट्री चढायला आणि पळायला: पुढे १०० ते १२० मिमी ट्रॅव्हल (म्हणजे शॉकअप किती दबतो ते), वजनाला हलकी, बसणं पुढे झुकून. ट्रेलला १३० ते १५० मिमी, हेड अँगल (पुढच्या दांड्याचा जमिनीशी कोन; जितका कमी तितकं पुढचं चाक पुढे) ६५-६६ अंश, वजन दोन-तीन किलो जास्त, पण उतारावर जीव मुठीत धरावा लागत नाही. डाउनहिलला पुढेमागे २०० मिमी, हेड अँगल ६३च्या आसपास, मोटरसायकलसारखा वर-खाली दोन पट्ट्यांनी (क्राउननी) जोडलेला फोर्क, म्हणजे पुढचा शॉकअपचा चिमटा. ती चढावर ढकलायची असते. झालं.

आता मेहुण्याचं. २०१५च्या ऑक्टोबरमध्ये मी वेताळ टेकडीवरून गोखलेनगरच्या बाजूला उतरत होतो. सायकल २९ इंची चाकांची हार्डटेल, म्हणजे शॉकअप फक्त पुढे, तोही १०० मिमी, हेड अँगल ७० अंश. पावसाळा नुकताच संपलेला, त्यामुळे वाटेवर मुरूम सुटा झालेला आणि मधोमध पाण्यानं कापलेली हातभर खोल ओघळ. पुढचं चाक त्यात गेलं. मी मागे सरकायला गेलो तर सीट पोटात. सीट चढाच्याच उंचीवर ठेवलेली, खाली करायचा आळस केलेला. मग घाबरून पुढचा ब्रेक आवळला. त्यानंतरचं मला आठवतं ते म्हणजे मॉर्निंग वॉकचे एक आजोबा माझ्या तोंडावर वाकून विचारतायत, "घरचा नंबर पाठ आहे का?"

कॉलरबोन मोडलं. सहा आठवडे हात गळ्यात. भेटायला आलेला मेहुणा एक्स-रे खिडकीशी धरून, जणू स्वतः हाडांचा डॉक्टर असल्यासारखा बघत म्हणाला, "दाजी, सायकल कमी पडली तुम्हाला. शॉकअप बघा केवढासा."

हे वाक्य पुढे दरवर्षी भाऊबीजेला, साखरपुड्यांत, एकदा तर तेराव्याला ऐकलंय. आणि माझं म्हणणं तेव्हापासून एकच आहे: सायकल कमी पडली नाही, सीट जास्त पडली.

बोलून तो थांबला नाही. सहा महिन्यांत सेकंडहँड डाउनहिल घेऊन आला. सतरा किलो, अडीच इंची टायर, पेडलपाशी एकच दातेरी चाक, मागे सातच गिअर. सीट इतकी खाली की बसून पेडल मारलं तर गुडघे हनुवटीला लागायचे. मला दाखवायला म्हणून टेकडीवर घेऊन गेला. वर जायला चाळीस मिनिटं, त्यातली पस्तीस ढकलत. खाली यायला चार. ती चार मिनिटं झकास होती, मी नाकारत नाही. माझ्याच ओघळीवरून तो असा गेला की जणू ती तिथे नव्हतीच, आणि खाली उभा राहून माझी वाट बघत हसत होता. पण घामानं असा निथळलेला की दुसरी फेरी मारू म्हटल्यावर म्हणाला, "आता मिसळ खाऊ."

डाउनहिल ही सायकल वाईट नसते, तिला वर नेणारं काहीतरी लागतं. स्कॉटलंडमध्ये फोर्ट विल्यमला गोंडोल्यातून वर जातात. मुळात हा खेळ जिथे रुजला, त्या कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत १९७६ साली पोरं भंगारातल्या जाड टायरच्या सायकली ट्रकमध्ये टाकून डोंगरावर न्यायची. त्या उताराचं नाव रीपॅक, कारण मागच्या चाकाच्या मध्यात (हबमध्ये) असलेल्या ब्रेकचं ग्रीस एका फेरीत जळून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं. म्हणजे तेव्हाही वर जायला ट्रकच होता. तुमच्याकडे छोटा हत्ती, तो चालवणारा आणि दर रविवारी त्याला द्यायला पैसे असतील तर मित्राचं ऐका. मेहुण्याकडे नव्हते. त्याची सायकल आज सासरच्या गॅलरीत उभी आहे आणि तिच्या ८०० मिमीच्या हँडलवर सासूबाई पंचे वाळत घालतात.

मी त्याच जुन्या हार्डटेलला ड्रॉपर सीटपोस्ट, म्हणजे खाली-वर होणारा सीटचा दांडा, बसवला. बोटानं लिव्हर दाबला की सीट खाली, चढ आला की पुन्हा वर. मग ती ओघळ उतरलो. बूड मागच्या चाकावर, टाचा खाली, पुढच्या ब्रेकवर एकच बोट. मुलीनं व्हिडिओ काढला, मी फॅमिली ग्रुपवर टाकला. मेहुण्यानं फक्त अंगठा दाखवला. तोही दुसऱ्या दिवशी.

तर साठ हजारात हार्डटेलच बघा, १२० मिमीची, हेड अँगल ६७च्या आत मिळाला तर उत्तम. या पैशात दोन्हीकडे शॉकअप असलेली नवी सायकल कोणी दाखवली तर नमस्कार करून बाहेर पडा. तो झोपाळा असतो, चढावर तुमची निम्मी ताकद मागच्या स्प्रिंगला पाळणा हलवण्यात जाते. बाभळीच्या काट्यांसाठी ट्यूबलेस करून आत सीलंट (भोक आपोआप बुजवणारं द्रव) भरा, नाहीतर टेकडीवरून सायकल खांद्यावर घेऊन उतराल. आणि टेकडी चालणाऱ्यांची आधी आहे, वळणावर हळू घ्या.

प्रामाणिकपणे एक कबूल करतो, मेहुणा हे वाचत नाही म्हणून. ७० ऐवजी ६६ अंशांची ट्रेल बाइक असती तर माझी ती चूक बहुतेक खपून गेली असती. चाक पुढे असतं, माणूस हँडलवरून सहजासहजी जात नाही. म्हणजे 'सायकल कमी पडली' हे अगदीच खोटं नाही. पण तो अँगलबद्दल बोलत नव्हता, शॉकअपबद्दल बोलत होता, आणि दोन्हींत फरक आहे.

दुकानात सीटपोस्टची जाडी मात्र विचारून घ्या. ३०.९ किंवा ३१.६ मिमी असेल तर पुढे ड्रॉपर सहज बसतो. २७.२ असेल तर मिळतो, पण पर्याय थोडे. माझी २७.२ होती. मिळायला चार महिने लागले आणि तेवढ्यात मेहुणा दोनदा जेवून गेला.