वाचकांचे प्रश्न : रात्री कारागृहातून येणारा फोन

प्रश्न : माझा भाचा शेतातील वीजपंपांच्या चोरीच्या गुन्ह्यात दहा महिन्यांपासून जिल्ह्याबाहेरील एका कारागृहात कच्चा कैदी म्हणून आहे. त्याच्यावरील हा पहिलाच गुन्हा आहे. जामीन अर्ज एकदा फेटाळला गेल्यावर आम्ही पुन्हा प्रयत्न केला नाही. बराकीतील एका जुन्या बंद्याने त्याला आधी झोपायला जागा, साबण आणि तंबाखू देऊन जवळ केले. आता रात्री अकराच्या सुमारास त्या बंद्याचा माझ्या बहिणीला फोन येतो : ‘ताई, साहेबांशी बोललो आहे, पोराचा जामीन करून देतो.’ पैसे कुठल्याशा मोबाइल दुकानाच्या क्यूआर कोडवर टाकावे लागतात. केळीच्या आलेल्या पैशांतून बहिणीने दोनदा रक्कम पाठवली असून दुसरी चारच दिवसांपूर्वी दिली आहे. तक्रार केल्यास मुलाचे आत हाल होतील, अशी तिला भीती वाटते. काय करावे?
— एक वाचक, चोपडा तालुका

उत्तर : जामीन न्यायालय देते, कारागृहातील शिपायापासून अधीक्षकापर्यंत कोणालाही तो देता येत नाही, हे आपल्या भगिनींना आधी स्पष्ट सांगावे. उलट आपल्या भाच्याच्या बाबतीत हा बंदी कदाचित कायद्याने फुकट मिळणारी गोष्टच विकत असावा. साध्या चोरीला कमाल शिक्षा ३ वर्षांची आहे आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला की त्याची जामिनावर सुटका व्हावी, असा नियम आहे. तसा अर्ज न्यायालयाकडे करणे हे अधीक्षकांचे कर्तव्यच आहे. म्हणजे वर्ष भरत आले की सुटकेची वाट मोकळी होते आणि श्रेय, पैशांसकट, हा मध्यस्थ घेतो. मात्र भाच्यावर एकाहून अधिक गुन्हे नोंदलेले असतील, तर ही सवलत मिळत नाही. पंप अनेक असल्याने दोषारोपपत्र किती आहेत, हे वकिलांकडून आधी पाहून घ्यावे.

आता या मध्यस्थाविषयी. २०२२ अखेरच्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातील कारागृहांत क्षमतेच्या १३१ टक्के बंदी होते आणि त्यांतील तीन चतुर्थांशांहून अधिक कच्चे कैदी होते. जिथे पाठ टेकायला जागा अपुरी, तिथे जागा, दवाखान्याची चिठ्ठी, मुलाखतीचा क्रमांक, फोनची दोन मिनिटे या सगळ्यांना भाव येतो. नवख्या पोराला पहिल्या आठवड्यात मिळालेला साबण ही त्या व्यवहाराची उचल असते. फेड घरच्यांकडून घेतली जाते. कर्मचाऱ्यालाही हेच जुने बंदी याच रीतीने बांधून घेतात. आधी एखादी क्षुल्लक भेट, मग बाहेरून आणलेली पुडी, आणि एकदा नियम मोडला की ‘साहेब, वर कळले तर?’ १९८६ मध्ये कुख्यात गुन्हेगार चार्ल्स शोभराज पहारेकऱ्यांना वाढदिवसाच्या मिठाईतून गुंगीचे औषध देऊन तिहारमधून निसटला. बंद्याच्या हातची मिठाई खाण्यात त्यांना काही वावगे वाटले नव्हते, हे मला त्या प्रकरणात अधिक बोलके वाटते. रात्री अकराला बराकीतून फोन लागतो, त्याअर्थी कोणाचा तरी कानाडोळा आहेच. पण ‘साहेब’ म्हणून ज्यांचे नाव विकले जाते, त्यांना याची गंधवार्ता नसणेही तितकेच शक्य आहे. भाचा किती खरे सांगतो, हेही तपासावे. जुगाराची उधारी ‘जामिनाचा खर्च’ म्हणून घरी कळवली जाते.

पैसे दिल्याबद्दल भगिनींनी घाबरू नये. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यानुसार लाच देणे हाही गुन्हा असला, तरी दबावाखाली दिलेली रक्कम ७ दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवल्यास देणाऱ्याला संरक्षण मिळते. (अंक हाती पडेपर्यंत ही मुदत उलटली असती, म्हणून एवढे आपणांस दूरध्वनीवर आधीच कळवले आहे.) पुढील मागणी आल्यास पैसे न पाठवता आधी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या क्रमांकावर कळवावे. मध्यस्थ सरकारी नोकर नसला, तरी याच कायद्याचे कलम ७-अ त्याला लागू होऊ शकते. क्यूआर कोडचे छायाचित्र, व्यवहाराची नोंद आणि फोनची वेळ जपून ठेवावी.

मुलाच्या सुरक्षिततेची भीती अनाठायी नाही. तिहारमधील एका बंद्याला, भेटीस येणाऱ्या नातेवाइकांकडून पैसे उकळण्यासाठी वॉर्डरने अमानुष मारहाण केल्याचे पत्र सुनील बात्रा या सहबंद्याने सर्वोच्च न्यायालयाला लिहिले. डिसेंबर १९७९ च्या निकालात न्यायालयाने त्या पत्राचीच याचिका म्हणून दखल घेतली आणि कारागृहांत तक्रारपेट्या ठेवण्याचे व जिल्हा न्यायाधीशांनी तेथे भेटी देण्याचे आदेश दिले. पेटी आज असतेच. तिच्याकडे जाताना कोण पाहतो, हा प्रश्न उरतो. म्हणून मी पेटीवर विसंबणार नाही. कोठडीतील व्यक्तीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळतो; त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा १५१०० वर संपर्क साधावा. त्या वकिलांमार्फत जामीन अर्ज आणि बराक बदलण्याची विनंती असे दोन स्वतंत्र अर्ज न्यायालयात द्यावेत, म्हणजे मुलाचे नाव न्यायाधीशांसमोर नोंदले जाईल. यातले काहीही मुलाखतीच्या जाळीपाशी मात्र बोलू नये, कारण तिथे शेजारच्या माणसाला सगळे ऐकू जाते.